शिबूचे लग्न

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आईने विचारले, "त्या शिबूचं लग्न झालं का रे शेवटी?" ती कोणाविषयी विचारते आहे हे ध्यानात यायला मला क्षणभर लागले. २०२२ च्या जानेवारीतली थंडी होती. खिडकीच्या काचेवर बाष्प धरले होते आणि आल्याचा वास स्वयंपाकघरात भरून राहिला होता. आदल्या रात्री आम्ही दोघे 'मिन्नल मुरली' हा सुपरहिरोचा मल्याळम चित्रपट पाहत बसलो होतो. आईला मल्याळम येत नाही आणि पडद्याखालची अक्षरे तिच्याने वाचून होत नाहीत, म्हणून मी हिंदी आवाज लावला होता. शिबू आणि उषा यांचा तो प्रसंग संपला तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली, रात्रीची गोळी घेतली आणि झोपायला गेली. उरलेला चित्रपट मी एकट्याने पाहिला. सकाळी तिने नायकाची चौकशी केली नाही. अंगावर वीज पडूनही जगलेल्या त्या तरुण शिंप्याने गाव वाचवले की नाही, हे तिला जाणून घ्यायचे नव्हते. तिला काळजी लागली होती ती खलनायकाच्या लग्नाची. गाळणीतून पडणाऱ्या धारेकडे पाहत मी म्हणालो, "झालं."

हे खोटे होते.

ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना हे खोटे केवढे मोठे आहे ते कळेल. कुरुक्कनमूला नावाच्या काल्पनिक गावात एकाच रात्री दोन माणसांवर वीज कोसळते आणि दोघांच्याही अंगी सारखेच बळ येते. जेसन हा शिंप्याच्या घरात लाडाकोडात वाढलेला, अमेरिकेला जायची स्वप्ने पाहणारा तरुण. शिबू हा चहाच्या दुकानात राबणारा, आई वेडी होती म्हणून गावाने जन्मभर वेडा ठरवलेला माणूस. उषावर त्याने कितीतरी वर्षे न बोलता प्रेम केले आहे, आणि ती आता आजारी मुलीला घेऊन गावात परतली आहे. त्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत म्हणून तो बँक लुटतो. त्याच्या हातून पुढे रक्तही सांडते आणि ते आईने माझ्या शेजारी बसून पाहिले होते. तरीही उषा जेव्हा त्याला हो म्हणते, तेव्हा गुरू सोमसुंदरम या नटाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहताना आई पुढे सरकून बसली. तो चेहरा हसू लागतो आणि हसता हसता रडण्यात जातो, रडता रडता पुन्हा हसण्याकडे येतो, जणू त्या स्नायूंना आनंदाची सवयच नाही आणि कोणता स्नायू कुठे ओढायचा हे त्यांना ठाऊक नाही. त्या वेळी आई हलक्या आवाजात म्हणाली, "आता तरी जगू दे रे त्याला." तिच्या वाक्यातला तो 'रे' कोणासाठी होता, हे मला तेव्हा कळले नाही. दिग्दर्शक बेसिल जोसेफसाठी असेल, देवासाठी असेल, माझ्यासाठीही असेल. त्यानंतर ती उठून गेली, आणि थोड्याच वेळात गावातल्या जमावाने लावलेल्या आगीत उषा गेली.

सुपरहिरोंचे चित्रपट मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे आणि त्यांतला खलनायक मनात का घर करतो, या प्रश्नाला माझ्याजवळ काही तयार उत्तरेही होती. आईच्या त्या एका प्रश्नाने ती सगळी अपुरी वाटू लागली. मी वाढलो तो मोगॅम्बोच्या काळात. १९८७ सालचा 'मिस्टर इंडिया' आमच्या पिढीच्या मुलांनी इतक्यांदा पाहिला होता की आंब्याच्या बागेत खेळताना लाल काच कोणाच्या हातात असावी यावरून भांडणे होत, कारण अदृश्य झालेला माणूस लाल प्रकाशात दिसतो हे सर्वांना पाठ होते. अमरीश पुरींचा तो आवाज, ते सिंहासन, त्याच्या एका शब्दावर आम्लाच्या कुंडात उड्या टाकणारी माणसे, हे सारे मला आजही आवडते. पण मोगॅम्बो रात्री कुठे झोपत असेल, त्याला कोणी कधी जेवायला वाढले असेल का, असा विचार आमच्या मनात कधीही आला नाही, आणि तो येऊ नये अशीच त्याची घडण होती. तो रावणाच्या पुतळ्यासारखा होता. जळताना त्याने छान जळावे, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

पुढे मी मोठा झालो आणि हॉलिवूडचे चित्रपट पाहू लागलो, तेव्हा एक सूत्र सगळीकडे ऐकू येऊ लागले, की उत्तम खलनायकाला स्वतःचे म्हणणे बरोबर वाटत असते. हे खोटे नाही, पण मला ते पुरत नाही. त्याचे कारण थॅनोस आहे. २०१८ च्या 'अव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मधल्या या महाकाय पुरुषाला आपले म्हणणे बरोबर वाटते यात शंका नाही. साधने थोडी आणि तोंडे फार, तेव्हा विश्वातली निम्मी जीवसृष्टी नाहीशी केली की उरलेली सुखाने जगेल, असा त्याचा हिशेब आहे. त्यावर तासन्‌तास चर्चा करणारे माझे मित्र आहेत. मला मात्र तो हिशेब पहिल्या दिवसापासून पोकळ वाटतो. आपल्या पृथ्वीवरची माणसे २०१८ साली होती त्याच्या निम्मी झाली, तर आपण जेमतेम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जाऊन पोहोचतो. पन्नास वर्षांत पुन्हा तेच. ज्याच्या मुठीत विश्व बदलण्याची शक्ती आहे, त्याला साधने दुप्पट करण्याचे सुचत नाही, यात मला तत्त्वज्ञान दिसत नाही. थॅनोस मला स्पर्श करतो तो दुसऱ्याच ठिकाणी. सगळे आटोपल्यावर तो कुठल्याशा दूरच्या ग्रहावर एका झोपडीबाहेर एकटा बसतो आणि समोरच्या उजेडाकडे पाहतो. मुलगी म्हणून वाढवलेल्या गमोराचा त्याने स्वतःच्या हाताने बळी दिलेला आहे. त्या शांत बसण्यात त्याचा सिद्धान्त कुठेच नाही, फक्त एक म्हातारा बाप आहे, आणि त्याच्या घरात आता कोणी नाही.

म्हणजे विचारसरणीपेक्षा घर मला जास्त पकडते, असे असेल का? 'स्पायडर-मॅन : होमकमिंग'मधला तो मोटारीतला प्रसंग पाहा. खलनायक झालेला मायकेल कीटन गाडी चालवतो आहे, गाडीत त्याची मुलगी आणि तिला नाचाला घेऊन जाणारा मुलगा बसले आहेत. बापाच्या चौकशा चालू आहेत, कुठे राहतोस, आवाज ओळखीचा वाटतो, असे. आरशातून बोलता बोलता त्याच्या मनात एक एक दुवा जुळत जातो, सिग्नल लाल असतो, आणि हा पोरगाच आपला शत्रू आहे हे त्याला उमगते त्या घटकेला सिग्नल हिरवा होऊन तो प्रकाश त्याच्या तोंडावर पडतो. मुलगी म्हणते, बाबा, सिग्नल सुटला. कोणत्याही उंच इमारतीच्या कोसळण्याने माझ्या पोटात असा गोळा आलेला नाही. इथे गोळा येतो, कारण या माणसाजवळ गमावण्यासारखे एक साधे, सुखाचे घर आहे.

पण आईचा प्रश्न याहूनही वेगळा होता. तिने शिबूच्या घराविषयी विचारले नव्हते, त्याला ते होतेच कुठे. त्याला घर होऊ दिले गेले का, एवढेच तिने विचारले होते. या दोन गोष्टींतले अंतर माझ्या लक्षात आले तेव्हापासून मी जुने खलनायक पुन्हा नव्याने पाहू लागलो.

'ब्लॅक पँथर' मी प्रदर्शित झाला तेव्हा, २०१८ साली, चित्रपटगृहात पाहिला होता आणि बाहेर पडताना त्यातल्या खलनायकाच्या, किलमाँगरच्या रागाविषयी बोलत होतो. तो राग समजणे आपल्याला अवघड नाही. लंडनच्या संग्रहालयात काचेआडच्या आफ्रिकी वस्तूंकडे पाहत तो तिथल्या बाईंना विचारतो की तुमच्या पूर्वजांनी या वस्तू रास्त भावाने विकत घेतल्या होत्या का. २०२४ च्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या कराराने, म्हणजे उसनी. रांगेतून पुढे सरकत त्या काचेजवळ पोहोचलो, तेव्हा मला हाच प्रसंग आठवला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी हात जोडलेले पाहून घशाशी काहीतरी आले. पण पुन्हा पाहताना माझे लक्ष संग्रहालयापेक्षा दुसऱ्याच प्रसंगावर खिळले. चित्रपटातल्या वाकांडा या काल्पनिक देशाचा राजा होताना एका वनस्पतीचा रस पिऊन लाल मातीत पुरून घेतात आणि मग माणूस आपल्या पूर्वजांना भेटतो. नायक टचाला जातो तेव्हा त्याला जांभळ्या आकाशाखालचे विस्तीर्ण माळरान दिसते, झाडावर बसलेले त्याचे पूर्वज दिसतात. किलमाँगर जातो तेव्हा त्याला ओकलंडमधली ती लहानपणीची खोली दिसते, जिथे १९९२ साली त्याच्या बापाला प्रत्यक्ष चुलत्याने, म्हणजे वाकांडाच्या राजाने मारले आणि या पोराला मागे टाकून विमान उडाले. खिडकीबाहेर तेच जांभळे आकाश आहे, पण तो आत आहे, चार भिंतींत. बाप विचारतो, माझ्यासाठी रडणार नाहीस का. पडद्यावर आता तो लहान मुलगा दिसतो आणि म्हणतो, इथे माणसे मरतातच. बापाच्या डोळ्यांत पाणी येते. पूर्वजांच्या भूमीतही त्या मुलाला माळरान मिळाले नाही.

या चित्रपटाचा मोठेपणा मला असा वाटतो की नायकाला आपल्या बापासमोर उभे राहून त्याला जाब विचारावा लागतो, की त्या मुलाला तू तिथे का सोडलेस. खलनायक मरतो, सूर्य मावळतो, आणि शेवटी टचाला ओकलंडला जाऊन त्याच इमारती विकत घेतो, तिथल्या मुलांसाठी केंद्र काढायचे ठरवतो. किलमाँगरची रीत त्याने नाकारली. पण त्याचे गाऱ्हाणे खरे होते आणि ते आपल्याच घरच्या अपराधातून जन्मले होते, हे त्याने पदरात घेतले. मॅग्नेटोच्या बाबतीतही मला हेच दिसते. २००० सालच्या 'एक्स-मेन'ची सुरुवात १९४४ च्या पोलंडमधल्या छळछावणीच्या दारात, पावसात, आईवडिलांपासून ओढून काढलेल्या लहानग्या मॅग्नेटोने होते. त्याच्या आक्रोशाने लोखंडी फाटक वाकते आणि शिपायाच्या बंदुकीच्या दस्त्याने तो खाली पडतो. पुढे तो काहीही करो, ते वाकलेले फाटक आपल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या मुलाला दाराच्या कोणत्या बाजूला ठेवायचे, हे इतरांनी ठरवले होते.

यावर कोणी म्हणेल की मग जोकरचे काय? त्याला ना घर आहे, ना बालपण. 'द डार्क नाइट'मध्ये तो आपल्या ओठांच्या जखमांच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो, एकदा बापाची, एकदा बायकोची, आणि दोन्ही ऐकल्यावर आपल्या लक्षात येते की यातली एकही खरी धरता येणार नाही. हीथ लेजर तो चित्रपट लागण्याआधीच, २००८ च्या जानेवारीत, गेला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. त्याचे ते ओठ चाटणे, ते वाकून चालणे, रुग्णालयाबाहेर परिचारिकेच्या वेशात हातातल्या कळीशी चाललेली ती खटपट, हे सगळे पाहताना मलाही प्रत्येक वेळी थंडी वाजते. जोकरची दया येत नाही, कारण दया यायला जी एक फट लागते ती दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने जाणूनबुजून बुजवली आहे. मी बरीच वर्षे त्याला अपवाद मानत होतो. आईच्या प्रश्नानंतर मी त्या दोन बोटींचा प्रसंग पुन्हा पाहिला आणि मला वाटले की जोकरचा खरा डाव बॅटमॅनशी नाहीच.

एका बोटीत कैदी आहेत, दुसरीत साधे नागरिक. प्रत्येक बोटीत स्फोटके भरलेली आहेत आणि प्रत्येकीच्या हाती दुसरी बोट उडवण्याची कळ दिलेली आहे. मध्यरात्रीपर्यंत कोणी काही केले नाही तर दोन्ही उडणार. नागरिकांच्या बोटीत चिठ्ठ्यांवर मतदान होते. कैद्यांना उडवावे याच्या बाजूने ३९६ मते पडतात, विरुद्ध १४०. हे आकडे मी पूर्वी कधी नीट ऐकलेच नव्हते. शेवटी दोन्ही बोटी वाचतात, तेवढेच माझ्या लक्षात राहिले होते. ३९६ लोकांनी कागदावर मरण लिहून दिले, पण कळ दाबायची वेळ आली तेव्हा एकही अंगठा पुढे सरकला नाही. एक माणूस ताठ्याने उठतो, कळ हातात घेतो, आणि ती त्याच्याने दाबवत नाही. पलीकडच्या बोटीत तो धिप्पाड कैदी पहारेकऱ्याच्या हातून कळ घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. चिठ्ठीवर नाव नसते. कळीवर मात्र एकाच माणसाचा अंगठा असतो. जोकरने जी परीक्षा घेतली ती या अंगठ्याची होती आणि त्या रात्री गॉथम शहर त्या परीक्षेत कसेबसे तरले.

कुरुक्कनमूला तरले नाही.

शिबूचे दुःख मला इतर सगळ्यांहून जवळचे वाटते ते यासाठी. त्याच्या गावात कोणाच्याच हाती एकट्याने दाबायची कळ नव्हती. जमाव होता, आणि जमावाला अंगठा नसतो. ज्या माणसांनी आग लावली त्यांनी ती एकमेकांच्या आधाराने लावली आणि शिबूला उघडलेले एकमेव दार त्या आगीत बंद झाले. त्यानंतरचा त्याचा संहार भयंकर आहे, त्याचे समर्थन मी करत नाही. पण त्या चित्रपटाविषयी माझी एक तक्रार कायम आहे. शेवटी जेसन त्याच गावाला वाचवतो, गाव त्याचा जयजयकार करते, आणि टचालाने आपल्या बापाला विचारला तसा जाब या गावाला विचारायला कोणी उरत नाही.

माझे गाव गुहागर तालुक्यातले. तिथे शिमग्यात खेळे येत, मृदंग आणि टाळ वाजू लागले की आम्ही मुले ओटीवर गोळा होत असू, आणि मग अंगणात संकासुर यायचा. पायघोळ काळे कपडे, डोक्यावर निमुळती होत गेलेली काळी टोकदार टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो उडी मारून अंगावर आला की मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसत असे. वेद पळवून नेणारा हा राक्षस, विष्णूने मत्स्यावतार घेऊन ज्याला मारले. पण आजी मला पदरातून ओढून काढी आणि त्याच्या पायावर घाली. नारळ, तांदूळ त्याच्यापुढे ठेवी, घरच्या दुखण्याखुपण्याचे गाऱ्हाणे त्याच्या कानावर घाली. देवाने मारलेल्याकडे आम्ही मागणे मागत होतो आणि यात कोणाला काही विसंगत वाटत नव्हते. दिवाळीत पाडव्याला आई ओवाळताना म्हणते, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." वामनाने पाताळात घातलेल्या राजाचे राज्य परत यावे, असे ती दर वर्षी मागते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीची बाजू घेतली, हे मी महाविद्यालयात वाचले. आईने ते वाचलेले नाही. केरळात तोच बळी ओणमला आपल्या प्रजेला भेटायला येतो आणि लोक फुलांच्या रांगोळ्या घालून त्याची वाट पाहतात. शिबू त्याच मातीतून यावा आणि आईने त्याला इकडे बसून ओळखावे, याचे मला आता नवल वाटत नाही.

मात्र तिने ओळखला तो बळी नव्हता, असे मला आतून वाटत राहिले.

आमच्या गावात एसटी थांब्याजवळ चहाची टपरी होती आणि तिथे एक माणूस पाणी भरायचा, कपबश्या विसळायचा. त्याला गावाने ठेवलेले नाव मी इथे लिहिणार नाही. तो कोणाचा कोण हे कोणाला नीट माहीत नव्हते. दर संध्याकाळी शेवटची गाडी आली की उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे तो पाही, आणि सगळे पांगल्यावर खाली पडलेली तिकिटे उचले, मांडीवर सरळ करी आणि एका पत्र्याच्या डब्यात ठेवी. आम्ही पोरे त्याला चिडवायचो. दगड मारायचो, लहान, लागणार नाहीत असे, अशी आमची समजूत होती. आई त्याला दुपारी मागीलदारी पत्रावळीवर भात आणि आमटी वाढायची. तो चिकूच्या सावलीत बसून जेवायचा आणि पत्रावळ स्वतः उचलून नेऊन टाकायचा. आईने त्याला घरात कधी घेतले नाही. त्या काळी ते कोणाला सुचलेही नसते, आणि तरी सबंध गावात त्याला बसून जेवायला मिळत होते ते तिथेच.

मी अकरा वर्षांचा असताना एका रात्री खळ्याजवळची पेंढ्याची उडवी पेटली. केवढा तो उजेड, आणि तो सुक्या पेंढ्याचा गोडसर, खरपूस वास. इतक्या वर्षांनंतरही शेकोटीजवळ बसलो की तो माझ्या नाकात येतो. आग विझायच्या आतच त्याचे नाव निघाले होते. कोणी काढले हे मला आठवत नाही, कोणालाच आठवणार नाही. पुरुषमंडळी थांब्याकडे निघाली आणि आम्ही मुले मागे धावलो. माझ्या हातात कुडातून उपसलेली एक काठी होती. मी मारले नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो आहे, मी मारले नाही, मी फक्त तिथे होतो, काठी घेऊन. तो ओरडला नाही. पत्र्याचा डबा रस्त्यावर पडून उघडला आणि कंदिलाच्या उजेडात ती सगळी तिकिटे इकडे तिकडे उडाली. सकाळी टपरीवर तो नव्हता. पुन्हा कधीच नव्हता. उडवी कोणी पेटवली ते शेवटपर्यंत उघड झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने नेहमीच्या वेळेला मागीलदारी पत्रावळ मांडली, थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली आणि मग ती उचलून आत आणली. घरात त्याविषयी कोणी एक अक्षर बोलले नाही.

या आठवणीशी मी शिबूला जोडतो आहे आणि तो माझ्याच मनाचा खेळ असू शकेल. त्या माणसाच्या अंगावर कधी वीज पडली नाही. त्याने गाव जाळले नाही. तो नुसता निघून गेला, आणि म्हणून त्याच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही. पण पडद्यावर ज्या खलनायकापुढे मी अस्वस्थ होतो, त्याच्यात मला आता तो माणूस दिसतो, जो निघून न जाता परत आला असता तर कसा आला असता. किलमाँगर तसा परत आलेला आहे, मॅग्नेटो तसाच परत आलेला आहे. त्यांच्या हातातली शस्त्रे, त्यांचे लोखंड, त्यांच्या अंगची ती अचाट ताकद हा सारा चित्रपटाचा थाट असतो आणि तो मला मनापासून आवडतो. मोठ्या पडद्यावर ते पाहायला मी पुन्हा पुन्हा जाईन. पण अंधारात बसून मी ज्याच्या येण्याची वाट पाहतो आणि ज्याच्या येण्याची मला भीतीही वाटते, तो हा आहे. नायक त्याला मारेल हे मला ठाऊक असते. त्याने आधी एकदा माझ्याकडे पाहावे, असे कुठेतरी वाटते.

गेल्या दिवाळीत, पाडव्याचे ओवाळणे झाल्यावर, आई म्हणाली, "तो शिबूचा पिक्चर लाव. शेवट राहिलाय माझा." मी म्हणालो की शेवट मी तुला सांगितला होता. तिने चष्मा पुसला. "लग्न झालं असतं, तर कसं झालं ते तू तेव्हाच सांगितलं असतंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी चित्रपट लावला, बराच पुढे नेला आणि त्या प्रसंगापाशी आणून सोडला. उषा हो म्हणाली. तो चेहरा पुन्हा हसण्यारडण्यात चाचपडू लागला. आई या वेळी काही बोलली नाही, उठलीही नाही. बाहेर फटाके वाजत होते आणि खिडकीतून जळलेल्या दारूचा वास येत होता. मग पडद्यावर माणसे जमू लागली, त्यांचे आवाज चढू लागले, ज्वाळा दिसल्या. आई पुढे सरकली.

"ही माणसं कोण रे?"

"गावातलीच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले, मग परत पडद्याकडे, आणि हात लांब करून माझे मनगट धरले. चित्रपट संपेपर्यंत तिने ते सोडले नाही.